गॅसवाहिनीच्या नोंदी, नियमांचे पालन आणि सॉफ्टवेअर : मराठवाड्यात काम करणाऱ्यांसाठी चर्चा

गोदातीर

नमस्कार मंडळी. नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांची देखभाल हेच माझे काम आहे आणि सध्या ते छत्रपती संभाजीनगर व जालना या जिल्ह्यांत चालू आहे. आपल्या मराठवाड्यात हा विषय तसा नवा आहे. गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आपल्या भागातून गेली, संभाजीनगर, लातूर, धाराशिव इथे शहरी गॅस वितरणाची जाळी उभी राहू लागली, आणि वाहिनी टाकणाऱ्यांच्या मागोमाग ती वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांची गरज निर्माण झाली. टाकण्याच्या काळात सगळे किती किलोमीटर झाले ते विचारतात. चालवण्याच्या काळात अमुक चेनेजला, म्हणजे वाहिनीच्या सुरुवातीपासून अमुक अंतरावर, अमुक दिवशी काय केले आणि त्याचा पुरावा कुठे आहे, हे विचारले जाते. त्याची तयारी फार थोड्या ठिकाणी दिसते, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी नियमांची ओळख करून देतो. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाची, म्हणजे पीएनजीआरबीची, तरतूद झाली. मंडळाने शहरी वितरणासाठी 2008 साली आणि वायुवाहिन्यांसाठी 2009 साली तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम काढले. 2010 साली आपत्कालीन प्रतिसादाचे, आणि 2012 व 2013 साली इंटिग्रिटी मॅनेजमेंटचे, म्हणजे वाहिनी सुस्थितीत राखण्याच्या व्यवस्थेचे, विनियम आले. हे सगळे वाचून काढले तर लक्षात येते की जवळपास प्रत्येक अपेक्षेच्या मुळाशी एक नोंद आहे. पाइप कोणत्या प्रतीच्या पोलादाचा आहे, दाबचाचणी किती दाबाला आणि किती वेळ झाली, झडप शेवटची कधी फिरवून पाहिली, गस्त कोणी घातली, ही उत्तरे तोंडी चालत नाहीत. कायद्याच्या कलम 28 नुसार प्रत्येक उल्लंघनाला एक कोटी रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालूच राहिल्यास दररोज दहा लाख रुपयांपर्यंत जादा दंड होऊ शकतो. आकडा मुद्दाम लिहिला, कारण चांगल्या यंत्रणेसाठी पैसे मागितले की पहिला प्रश्न खर्चाचाच येतो.

दंडापेक्षा मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो इथे 9 सप्टेंबर 2010 रोजी 30 इंची वायुवाहिनी फुटली, आठ माणसे दगावली आणि 38 घरे नष्ट झाली. वाहिनीचा तो भाग 1956 साली टाकलेला होता. कंपनीच्या दप्तरी तिथला पाइप शिवणरहित असल्याची नोंद होती, प्रत्यक्षात जमिनीखाली लांबीच्या दिशेने वेल्ड केलेले, सदोष शिवणीचे तुकडे निघाले. नोंद चुकीची असल्याने त्या शिवणीची तपासणी करायला हवी हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. पुढे तिथल्या नियामकाने 2015 साली कंपनीला 1.6 अब्ज डॉलरचा दंड केला, आणि वाहिनीचा कमाल दाब ज्या कागदांवरून ठरवता ते कागद माग काढता येणारे, पडताळता येणारे आणि पूर्ण असले पाहिजेत, ही अपेक्षा तिथे पक्की झाली. आपल्याकडे 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातील नगरम इथे झालेल्या स्फोटात वीसहून अधिक लोक गेले. तिथे कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून ओलसर वायू वाहत होता आणि पाइप आतून गंजला होता. वाहिनीत प्रत्यक्ष काय वाहते आणि ती कशासाठी मंजूर आहे, या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणारा कोणीतरी असावा लागतो.

आता आपल्या रानातले एक उदाहरण सविस्तर मांडतो, कारण माझा मुद्दा त्यातून स्पष्ट होईल. वाहिनी गंजू नये म्हणून लेपाच्या जोडीला तिला बाहेरून विद्युतप्रवाहाचे संरक्षण दिलेले असते. ते पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी साधारण किलोमीटरभर अंतराने बसवलेल्या टीएलपीवर, म्हणजे पाइपाला जोडलेली तार वर आणलेल्या मोजणीच्या जागेवर, पीएसपी, म्हणजे पाइप आणि माती यांच्यातील विद्युत विभव (व्होल्टेज), मोजतात. कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड मातीवर टेकवून आणि प्रवाह क्षणभर बंद करून घेतलेले वाचन उणे 0.85 व्होल्टइतके किंवा त्याहून ऋण असावे लागते, आणि ते उणे 1.2 च्या पलीकडेही जाऊ नये, कारण संरक्षण अति झाले तर लेप पाइपापासून सुटू लागतो. मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. वरचे ढेकूळ इतके कोरडे असते की इलेक्ट्रोड टेकवला तरी मातीशी संपर्क होत नाही. जाणता तंत्रज्ञ जवळच्या बाटलीतले पाणी तिथे ओततो, माती ओली होऊ देतो आणि मगच मीटर लावतो. घाईतला माणूस तसेच वाचन घेऊन पुढे जातो. रजिस्टरात दोघांचेही आकडे एकाच रकान्यात येतात, जमीन कोरडी होती की ओली हे लिहिलेले नसते, आणि पुष्कळदा वाचन प्रवाह चालू असतानाचे आहे की बंद केल्यावरचे हेही कळत नाही. काही वर्षांनी त्या आकड्यांचा आलेख काढणाऱ्याला संरक्षण ढासळल्याचा भास होतो आणि विनाकारण खोदकाम होते. किंवा त्याच्या उलट घडते, जे अधिक वाईट आहे, कारण खरोखर ढासळलेले संरक्षण उन्हाळ्याच्या नावावर खपून जाते.

माझे म्हणणे असे आहे की नियमपालनाचा पुरावा म्हणून जी नोंद लागते ती काम झाले त्या जागी, त्या वेळी, ते काम करणाऱ्याच्याच हातून व्हायला हवी, आणि तिच्यात पुढच्या माणसाला आकड्याचा अर्थ लावता येईल एवढा तपशील हवा. सॉफ्टवेअर घ्यायचे ते यासाठी. तपासणी जवळ आली की रजिस्टरे गोळा करून एक्सेलमध्ये भरायची आणि छान अहवाल काढायचा, यासाठी ते घेतले जात असेल तर पैसे वाया जातील. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

जालना_लाइन

गोदातीर साहेब, धागा काढल्याबद्दल आभार. मी गस्तीच्या पथकांवर देखरेख करतो, त्यामुळे वाहिनीवर पायी गस्त घालणाऱ्या लाइनवॉकरच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे मोबाइलवरचे ॲप आले तेव्हा ते नेटवर्क असल्याशिवाय उघडतच नसे. आमच्या भागात रेंज सलग मिळत नाही, त्यामुळे मुले दिवसभर चालून संध्याकाळी गावात आली की आठवून भरत. जीपीएसची खूण मग गावातल्या हॉटेलाची पडे. पुढे नेटवर्क नसतानाही चालणारे ॲप मिळाले, त्यात नोंद फोनमध्ये साठते आणि रेंज आली की आपोआप वर जाते, तेव्हापासून नोंदींना खरेपणा आला. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी ते विकणाऱ्याला एकदा रानात घेऊन जावे आणि तिथे चालवून दाखवायला सांगावे, एवढे मी आवर्जून सुचवेन.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. वॉकरला दिसते खूप, पण ॲप त्याला फक्त ‘अतिक्रमण : होय किंवा नाही’ एवढेच विचारते, आणि तेही इंग्रजीत. आपल्या भागात वाहिनीला मोठा धोका कुदळीचा नाही, पोकलेनचा आहे, आणि पोकलेन येतो तो बहुतेक विहिरीसाठी, शेततळ्यासाठी किंवा पाण्याची लाइन टाकण्यासाठी. फेब्रुवारीनंतर विहिरी आटू लागल्या की नवी विहीर किंवा जुनी खोल करणे सुरू होते. यंत्र येऊन उभे राहिल्यावर नोंद करून फारसा उपयोग नसतो, कारण भाडे तासावर चालू असते आणि मालक थांबायला तयार नसतो. पण त्याच्या आधी खुणा दिसतात. पाणाड्या येऊन जागा दाखवून गेलेला असतो, तिथे नारळ फोडलेला असतो, दगड मांडून ठेवलेला असतो, चुन्याने गोल आखलेला असतो. आमचे वॉकर त्याच गावांतले आहेत, त्यांना हे पाहताच कळते. म्हणून आम्ही नोंदीच्या यादीत ‘पाणाड्या येऊन गेला’ आणि ‘चुन्याची आखणी’ असे दोन पर्याय मराठीत घालून घेतले. अशी नोंद आली की आमचा माणूस शेतकऱ्याकडे जाऊन वाहिनीची नेमकी जागा दाखवतो आणि विहीर वाहिनीच्या पट्ट्याबाहेर सरकवायला सांगतो. तोवर पैसे खर्च झालेले नसतात, त्यामुळे बोलणे शांतपणे होते.

अडचण उरते ती मालकाच्या नावाची. वाहिनीच्या कागदात जे नाव आहे ते पुष्कळदा वडिलांचे किंवा आजोबांचे असते, आणि रानात तीन भावांच्या तीन वाटण्या झालेल्या असतात. यावर कोणी उपाय शोधला आहे का?

कायदावाचक

जालना_लाइन यांच्या शेवटच्या प्रश्नाला धरून लिहितो. शेतजमिनीतून वाहिनी नेण्यासाठी पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्या (जमिनीतील वापरहक्क संपादन) अधिनियम 1962 लागू होतो. कलम 3 ची अधिसूचना निघते, कलम 5 प्रमाणे 21 दिवसांत हरकत घेता येते, आणि कलम 6 च्या घोषणेनंतर वापराचा हक्क प्रस्थापित होतो. जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि शेती करता येते, मात्र कलम 9 नुसार त्या पट्ट्यात इमारत बांधता येत नाही, तलाव, विहीर, जलाशय किंवा बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. नुकसानभरपाई कलम 10 मध्ये आहे, आणि वापरहक्कासाठी कलम 3 च्या अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम द्यायची असते.

कायद्याच्या दृष्टीने पट्टा गट नंबराने ओळखला जातो आणि अभियंत्याच्या दृष्टीने चेनेजने. दोन्हींना जोडणारा तक्ता वाहिनी टाकताना एकदा तयार होतो आणि मग कपाटात जातो. गट फुटून पोटहिस्से पडतात, वारसाचे फेरफार होतात, खरेदीखते होतात, पण तो तक्ता अधिसूचनेच्या तारखेलाच थांबलेला राहतो. मराठवाड्यात काही जमिनींचा माग हैदराबाद राज्यातल्या खासरा पत्रकापर्यंत न्यावा लागतो, त्यामुळे मुळातच नावांचा घोळ अधिक असतो. माझी सूचना अशी की वापरहक्काची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात झाली आहे का, हे प्रत्येक गटासाठी तपासावे आणि नसल्यास तलाठ्याकडे पाठपुरावा करून फेरफार मंजूर करून घ्यावा. ती नोंद असली म्हणजे जमीन विकत घेणाऱ्यालाही वाहिनीची माहिती मिळते. शिवाय वर्षातून एकदा सर्व गटांचे सातबारे नव्याने काढून बदललेली नावे यंत्रणेत भरावीत. सातबारा ऑनलाइन मिळत असल्याने हे काम अवघड नाही, फक्त ते कोणाच्या तरी नावावर नेमून दिलेले हवे.

आणखी एक गोष्ट. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे संगणकीय नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही, म्हणजे नोंद बदललेली नाही हे पडताळण्याचा संगणकीय ठसा, द्यावे लागते. सॉफ्टवेअर निवडताना ही सोय आहे का, हे विचारावे. कलम 9 च्या भंगाबद्दल खटला उभा राहिला तर वॉकरने काढलेले छायाचित्र टिकते की नाही, हे त्यावर अवलंबून राहू शकते.

नकाशा_मंजिरी

चर्चा वाचून आनंद झाला. मी संभाजीनगरला जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशे, आणि माहितीव्यवस्थेचे काम करते. वरच्या तिन्ही प्रतिसादांत एकच गरज वेगवेगळ्या शब्दांत आली आहे, ती म्हणजे प्रत्येक नोंद जागेशी बांधलेली असणे. या बाबतीत तांत्रिक खाचखळगे कोणते, ते लिहिते.

पहिली अडचण चेनेजची. पुलासाठी किंवा रस्ता रुंद होताना वाहिनीचा एखादा तुकडा वळवला की त्या पुढच्या सगळ्या अंतरांत फरक पडतो. जुना टीएलपी क्रमांक तोच राहतो, वाहिनीची खूण म्हणून रोवलेल्या मार्करवर रंगवलेला आकडा तोच राहतो, आणि पिगिंगच्या, म्हणजे वाहिनीच्या आतून यंत्र सोडून केलेल्या तपासणीच्या, अहवालातले अंतर मात्र नव्या लांबीने येते. अशा वेळी अहवालातला गंजाचा खड्डा आणि जमिनीवर खोदायची जागा यांत कितीतरी मीटरांचा फरक पडू शकतो. म्हणून नोंदीचा मुख्य आधार अक्षांश-रेखांश ठेवावा, चेनेज त्यावरून काढावे, आणि वळवलेल्या प्रत्येक तुकड्याचे जुने-नवे समीकरण तारखेसह जपून ठेवावे. जुना तुकडा नकाशावरून पुसू नये. त्या तुकड्यावरच्या जुन्या नोंदी पुढे कधीतरी लागतातच.

दुसरी अडचण नावांची. एकच झडप स्काडामध्ये, म्हणजे दूरवरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या प्रणालीत, एका नावाने, देखभालीच्या प्रणालीत दुसऱ्या नावाने आणि नकाशावर तिसऱ्या नावाने असते. मग झडप तपासल्याची नोंद एका ठिकाणी सापडते आणि थकीत कामांच्या यादीत तीच झडप दुसऱ्या नावाने उभी असते. सॉफ्टवेअर खरेदीच्या आधी काही महिने फक्त ही यादी एक करण्यात घालवले तरी चालेल. हे काम कंटाळवाणे असते, सादरीकरणात त्याचे काही दाखवता येत नाही, आणि म्हणूनच ते टळत राहते.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. माणूस आकडा चुकीचा टाकणारच, त्यामुळे दुरुस्तीची मुभा हवी. पण पहिला आकडा, तो कोणी बदलला, कधी आणि कोणत्या कारणाने, हे चारही दिसत राहिले पाहिजे. एक्सेलमध्ये हे सहजासहजी होत नाही, आणि एक्सेलवर नियमपालन चालवण्यातला माझ्या मते सर्वांत मोठा धोका तोच आहे.

तपासनीस

मी त्रयस्थ तपासणीच्या कामावर अनेक ठिकाणी जातो. मंजिरीताईंनी लिहिलेले सर्व पटले, पण सॉफ्टवेअरवर फार भरवसा ठेवू नये असेही वाटते, आणि त्याचे कारण देतो.

खोटी नोंद कागदावर जशी होते तशी पडद्यावरही होते. मला रजिस्टर दाखवले की मी आधी आकड्यांचा चढउतार पाहतो. जून ते मे सलग प्रत्येक टीएलपीवर उणे 1.05 आणि उणे 1.06 हेच दिसले तर मला ते वाचन वाटत नाही. गोदातीर यांनी सांगितलेल्या काळ्या जमिनीत पावसाळा आणि उन्हाळा यांत फरक पडलाच पाहिजे. तसेच टीआर युनिटचे, म्हणजे संरक्षणाचा प्रवाह पुरवणाऱ्या यंत्राचे, व्होल्ट तेच असताना ॲम्पिअर उतरत गेले तर तो प्रवाह जमिनीत सोडणाऱ्या ॲनोडभोवतीची जमीन सुकल्याची शक्यता असते, आणि ती खरी नोंद पाहून मला उलट समाधान वाटते. संस्थेत मात्र असा आकडा लिहिणाऱ्याला बोल लावला जातो. वाईट वाचन लिहिणाऱ्याला त्रास होत असेल तर सर्वांत महागडे सॉफ्टवेअरही सुंदर आणि निरुपयोगी आकड्यांनी भरेल. नोंदीत बिघाड दिसला, त्यावर काम निघाले, दुरुस्ती झाली आणि पुन्हा वाचन घेऊन काम बंद केले, अशी साखळी दाखवणारी एक फाइल मला शंभर निर्दोष पानांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

एक सुधारणा मात्र सॉफ्टवेअरने खरोखर होऊ शकते. ज्या मीटरने वाचन घेतले त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, त्या तारखेला वैध होते का, हे कागदावर शोधायला अर्धा दिवस जातो. मीटरचा क्रमांक नोंदीला जोडलेला असेल आणि मुदत संपलेल्या मीटरची नोंद यंत्रणा स्वीकारतच नसेल, तर हा प्रश्न मुळातूनच मिटतो.

नकाशा_मंजिरी

तपासनीस सर, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. यंत्रणेने नोंद नाकारली तर रानात उभा असलेला माणूस वाचन चिठ्ठीवर लिहून घेईल आणि दुसऱ्या दिवशी चालू मुदतीच्या मीटरचा क्रमांक टाकून तेच भरेल. म्हणजे खरी माहिती होती तीही गेली. नोंद घेऊ द्यावी, तिच्यावर ठळक शेरा पडावा आणि वैध मीटरने पुन्हा वाचन घेण्याचे काम आपोआप निघावे, हे अधिक योग्य होईल.

तपासनीस

हे मान्य आहे. मात्र तो शेरा वरिष्ठांना काढून टाकता येता कामा नये.

लातूर_वितरण

आतापर्यंतची चर्चा मोठ्या वाहिनीबद्दल झाली. शहरी जाळ्यात चित्र थोडे वेगळे असते, कारण इथे पिवळा एमडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप असतो, त्याला गंजाचा प्रश्न नसतो आणि सगळी मदार सांध्यांवर असते. इलेक्ट्रोफ्युजनचे, म्हणजे विजेच्या उष्णतेने सांधा वितळवून जोडण्याचे, यंत्र फिटिंगवरचा बारकोड वाचते, व्होल्टेज आणि वेळ स्वतः ठरवते आणि सांध्याची नोंद साठवून ठेवते. त्यामुळे आमच्याकडे नोंदी भरपूर आहेत असे वाटते. परंतु सांधा टिकण्यासाठी पाइपाचा वरचा पातळ थर खरवडून काढावा लागतो, आणि तो खरवडला की नाही हे यंत्राला कळत नाही. न खरवडलेल्या पाइपाच्या सांध्यालाही यंत्र ‘पूर्ण’ असेच दाखवते. म्हणून खरवडल्यानंतरचे आणि क्लॅम्प लावल्यानंतरचे अशी दोन छायाचित्रे सांध्याच्या क्रमांकाशी जोडणे आम्ही सक्तीचे करून घेतले. ठेकेदारांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण बिल त्या छायाचित्रांना जोडले गेल्यावर प्रश्न उरला नाही.

ॲज-बिल्ट नकाशांबद्दलही, म्हणजे पाइप प्रत्यक्षात जिथे टाकला ते दाखवणाऱ्या नकाशांबद्दलही, लिहायला हवे. खड्डा बुजवण्याच्या आधी मोजमाप झाले नाही तर नंतर ते अंदाजानेच होते. आणि ‘रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर’ असे मोजमाप रस्ता रुंद झाला की निरर्थक ठरते. लातूरकडच्या रस्त्यांवर जलवाहिनी, केबल आणि गॅस यांचे चर एकाच वर्षात खोदले जातात. खोदणाऱ्याने आधी कळवावे म्हणून केंद्राने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे. पण त्यावरून आलेल्या चौकशीला आम्ही चुकीच्या नकाशावरून उत्तर दिले तर त्या ॲपचा दोष काय?

वासाच्या नोंदीचाही उल्लेख करतो. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि हवेतील वायूचे प्रमाण पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांशाला, म्हणजे सुमारे एक टक्क्याला पोहोचले की वास यायलाच हवा. ही तपासणी जाळ्याच्या शेवटच्या टोकाला करावी. स्टेशनच्या दाराशी घेतलेली नोंद स्वयंपाकघरातल्या माणसाच्या कामाची नाही.

मोसंबीची_बाग

मी जालना जिल्ह्यातला शेतकरी आहे. वरची चर्चा पूर्ण वाचली. आमच्या रानातून पट्टा गेला आहे आणि त्यात मोसंबी लावता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पट्टा नेमका कुठून कुठपर्यंत आहे हे विचारले तर प्रत्येक येणारा माणूस वेगळे बोट दाखवतो. दोन मार्करच्या मध्ये वाहिनी सरळ आहे की वळलेली आहे, हे आम्ही कसे समजावे? ठिबकची मुख्य लाइन आडवी न्यायची असेल तर परवानगी कोणाकडे मागायची, आणि दिलेल्या अर्जाचे पुढे काय झाले हे कुठे कळते? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचा अर्ज दिसतो का, एवढे सांगावे.

गोदातीर

मोसंबीची_बाग दादा, तुमचा प्रश्न या धाग्यात येणे फार गरजेचे होते. मार्करवर तातडीचा दूरध्वनी क्रमांक असतो, त्यावर कळवले तर वाहिनी शोधण्याचे यंत्र घेऊन माणूस येतो आणि जमिनीवर चुन्याने रेघ मारून देतो. मध्येच वळण असेल तर वळणावर मार्कर असायलाच हवा आणि नसेल तर ती आमची उणीव समजून लेखी कळवावी. ठिबकची लाइन आडवी नेण्यासाठी वाहिनी चालवणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी आणि खोदताना तिचा माणूस जागेवर असणे, दोन्ही लागतात. अर्जाचे पुढे काय झाले हे आज बहुतेक ठिकाणी दिसत नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. शेतकऱ्याचा अर्ज हीसुद्धा वाहिनीची नोंद आहे. ती गट नंबराखाली, तारखेसह यंत्रणेत आली पाहिजे आणि अर्जदाराला संदेश गेला पाहिजे. कायदावाचक यांनी सुचवलेला गट आणि चेनेजचा जिवंत तक्ता असेल तर हे करता येते, आणि जालना_लाइन यांच्या वाटण्यांच्या प्रश्नालाही उत्तर त्याच तक्त्यात आहे.

त्या तक्त्याचा आणखी एक उपयोग लक्षात आणून देतो. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना 200 मीटरच्या पट्ट्यात 1.6 किलोमीटरच्या लांबीत घरे किती, यावरून लोकेशन क्लास ठरतो. दहापर्यंत घरे असतील तर पहिला, त्याहून जास्त पण 46 पेक्षा कमी असतील तर दुसरा, 46 किंवा अधिक असतील तर तिसरा, आणि बहुमजली इमारतींची दाटी असेल तर चौथा. त्यानुसार पोलादाच्या ताकदीचा किती हिस्सा वापरायचा हे 0.72, 0.60, 0.50 आणि 0.40 असे उतरत जाते. पहिल्या वर्गासाठी टाकलेल्या पाइपाशेजारी वस्ती वाढली तर त्या तुकड्याचा पुनर्विचार करावाच लागतो, आणि दाब कमी करणे किंवा पाइप बदलणे हे दोन्ही पर्याय महाग आहेत. समृद्धीच्या इंटरचेंजभोवती, शेंद्र्याकडे आणि वाळूजकडे ज्या वेगाने प्लॉटिंग होत आहे ते पाहता घरे मोजायला वस्ती उभी राहण्याची वाट पाहू नये. जमिनीच्या अकृषिक वापराची माहिती गट नंबराने मिळते. ती नकाशावर चढवली तर पहिले घर बांधले जाण्याआधी आपल्याला ग्रामपंचायत आणि नियोजन प्राधिकरण यांच्याशी बोलता येते.

सर्वांच्या सूचना एकत्र करून मी आमच्याकडे एका झडप स्थानकापासून दुसऱ्या झडप स्थानकापर्यंतच्या तुकड्यावर कामाला सुरुवात करण्याचा प्रस्ताव ठेवतो आहे. आधी झडपा, टीएलपी आणि मार्कर यांची नावे एक करायची आणि प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश जागेवर जाऊन घ्यायचे. मग त्या तुकड्यातील सर्व गटांचे ताजे सातबारे जोडायचे. पीएसपीच्या नोंदीत ऑन आणि ऑफ हे दोन वेगळे रकाने, मीटर व इलेक्ट्रोडचे क्रमांक, जमीन कोरडी, ओली की पाणी ओतून ओली केलेली, आणि वाचन घेणाऱ्याचे नाव एवढे असेल. मुदत संपलेल्या मीटरबाबत मंजिरीताईंची पद्धत ठेवू आणि शेरा काढण्याचा अधिकार कोणालाही देणार नाही. सॉफ्टवेअरची निविदा त्यानंतर काढू.

जालना_लाइन दादा, तुमच्या पथकाची मराठी पर्यायांची पूर्ण यादी इथे टाकता आली तर बरे होईल. पाणाड्या आणि चुन्याची आखणी यांखेरीज बोअरवेलची गाडी, शेततळ्याची मोजणी आणि ठिबकचा चर यांसाठी तुमचे वॉकर कोणते शब्द वापरतात ते हवे आहे, म्हणजे ॲपमध्ये तेच घालून घेता येतील.

जालना_लाइन

यादी तयार आहे, साहेब. वॉकरांना एकदा वाचून दाखवतो, त्यांनी काही सुचवले तर ते घालतो आणि सोमवारपर्यंत इथे टाकतो. मोसंबीची_बाग दादांनी गावाचे नाव आणि गट नंबर मला व्यक्तिगत निरोपातून कळवावा. पट्टा आमच्याकडचा असेल तर यंत्र घेऊन माणूस पाठवतो आणि आखणी त्यांच्यासमोरच करून देतो.